विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट : गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. घरची पाच एकर कोरडवाहू शेती आहे. पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि थोडं सोयाबीन. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायांना पाणी तपासायला शिकवलं, त्या पाचजणींतली मी एक. किटची पेटी घरी आणली त्या दिवशी पहिला नमुना आमच्याच विहिरीचा घेतला. नळीत पाणी, त्यात पुडीतली भुकटी, झाकण लावून हलवलं आणि ओट्यावर ठेवलं. भाजी फोडणीला टाकून परत वळले तोवर पाणी गुलाबी झालं होतं, आणि बघता बघता राणी रंगावर गेलं. रंग जितका गडद तितकं नायट्रेट जास्त, आणि पेटीतल्या रंगपट्टीवर त्याच्या पुढचा रंगच नव्हता. त्याच पाण्यानं मी सतरा वर्षं स्वयंपाक केला, दोन लेकरं वाढवली.

तेव्हापासून लोक विचारतात. हापशीवर, बचत गटाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मी विचारून, वाचून, शिकून सांगते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही जसे विचारले तसेच ठेवले आहेत, आमच्या बोलीत.

नायट्रेट म्हणजे काय? ते विष आहे का?

नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून झालेला, पाण्यात सहज विरघळणारा क्षार. पिकाची मुळं नायट्रोजन मुख्यतः याच रूपात ओढतात, म्हणजे पिकाचं ते जेवण आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवायची रीत जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये दाखवली आणि १९१३ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला. आपल्या दुकानातली युरियाची गोणी आजही त्याच रीतीच्या अमोनियापासून बनते. त्याच अमोनियापासून अमोनियम नायट्रेटही होतं. ते चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणींत खडक फोडायला वापरतात.

मोठ्या माणसाच्या पोटात थोडं नायट्रेट रोजच जातं आणि लघवीवाटे निघून जातं. घात होतो तो मात्रा वाढल्यावर, आणि त्यातही ते तान्ह्या बाळाच्या पोटात गेल्यावर.

"पाणी तं काचेसारखं हाये, चवीले गोड हाये. मंग खराब कसं म्हनतं?"

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि विहिरीत सापडतं तेवढ्या मात्रेत चवही नाही. खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातलं, पाणी जिभेला लगेच कळतं, हे कळत नाही. तपासल्याशिवाय दुसरा मार्गच नाही.

किती असलं म्हणजे जास्त?

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत. क्षार किंवा पाण्याचा कठीणपणा यांसाठी, दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायची एक वरची मर्यादा त्या मानकात दिली आहे. नायट्रेटला तशी सवलत दिलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ५० आहे.

अहवाल वाचताना एक गोष्ट तपासून घ्या. काही प्रयोगशाळा आकडा 'नायट्रेट' म्हणून देतात, काही 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून. दुसऱ्या प्रकारात १० आलं तर ते पहिल्या प्रकारातल्या ४५ च्या जवळ असतं, ४.४३ नं गुणायचं. "आमचं फक्त बावीस आलं" म्हणून खूश झालेल्या एका दादांचा कागद मी पाहिला. तो नायट्रोजनचा आकडा होता. खरं नायट्रेट सत्त्याण्णवच्या पुढे होतं.

आपल्याच भागात एवढं का?

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशातले ४४० जिल्हे जास्त नायट्रेट सापडल्याचे म्हणून नोंदले आहेत. सर्वांत जास्त ग्रासलेल्या पंधरा जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती आणि यवतमाळ, म्हणजे विदर्भातलेच चार आहेत.

कारण पायाखाली आहे. आपली काळी माती चिकणमातीची. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, नायट्रेटवरही ऋण भार असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या सरींचं पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं आणि वर साठलेलं सगळं सोबत नेतं. खाली मुरूम, त्याखाली फुटलेला काळा पाषाण. आपल्या विहिरी त्याच मुरमातलं पाणी खेचतात. त्यात पाऊस मोजका, म्हणून आत गेलेलं धुऊन निघायलाही वेळ लागतो.

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत पाणी उभं असतं. उभ्या पाण्याखालच्या मातीत हवा नसते, तिथले जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा वायू करतात. आपल्या उघड्या, भेगाळलेल्या रानात ते घडत नाही.

म्हणजे सगळा दोष युरियाचा?

मोठा दोष आहे, सगळा नाही.

आधी युरियाचा हिशेब. गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे साधारण २० किलो ७०० ग्रॅम. जमिनीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो आणि दोन-तीन आठवड्यांत जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. एका गोणीच्या नायट्रोजनचं पुरतं नायट्रेट झालं तर ते ९० किलोच्या वर भरतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत पंधरा फूट पाणी असेल तर ते सुमारे १ लाख ३३ हजार लिटर होतं. एका गोणीचं सगळं नायट्रेट पाण्यात उतरलं, तर अशा पंधरा स्वच्छ विहिरी ४५ च्या रेषेवर आणायला ते पुरेसं आहे. अर्थात सगळं उतरत नाही. काही पीक खातं, काही हवेत उडतं. पण पिकाच्या वाट्याला टाकलेल्यातला तिसरा हिस्सा ते अर्धा एवढाच येतो, हे धरून चाला.

आता दुसरी बाजू. आमच्या गावात सर्वांत गडद रंग शेतातल्या विहिरीला आला नाही, गावठाणातल्या आडाला आला. आडाच्या एका अंगाला गुरांचा कोठा, दुसऱ्या अंगाला तीन पिढ्यांचा उकिरडा, आणि मागच्या सांदवाडीत शोषखड्ड्याचं शौचालय. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला तीन ते चार किलो नायट्रोजन बाहेर पडतो. पाच माणसांचं घर म्हणजे वर्षाला जवळपास युरियाची एक गोणी, तीही पाण्याशेजारी पुरलेली. गाय-बैलांचं गोमूत्र यात धरलेलंच नाही.

शौचालयाचा खड्डा पाण्यापासून पन्नास फूट दूर ठेवा, हे आपण ऐकलेलं असतं. तो नियम जंतूंसाठी आहे. मातीतून जाताना जंतू अडकतात, मरतात. नायट्रेट अडकत नाही, मरत नाही. म्हणून अंतर पाळलेलं असूनही विहीर खराब निघते. शौचालयं नकोत असा याचा अर्थ कुणी काढू नये. उघड्यावरच्या दिवसांत लेकरं हगवणीनं जायची, ते मला आठवतं.

उकळून प्यायलं तर? तुरटी? टीसीएल?

उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट वाढतं. दहा लिटर पाणी आटून नऊ लिटर राहिलं की ५० चं साडेपंचावन्न होतं. बाळासाठी म्हणून जास्त वेळ उकळणारी आई नकळत जास्त नायट्रेट पाजते. हे मी प्रत्येक बाळंतिणीच्या घरी जाऊन सांगते, कारण ही चूक मायेपोटी होते.

तुरटीनं गाळ बसतो, टीसीएलनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं, जंतू मरतात. दोन्ही कामं गरजेची आहेत, चालू ठेवा. पण नायट्रेटवर त्यांचा काही परिणाम नाही. फडक्यानं गाळणं, मेणबत्तीचा फिल्टर, यूव्ही, तांब्याचा गुंड, शेवग्याच्या बिया, यांतल्या कशानंही ते निघत नाही.

बाळाला नेमकं काय होतं?

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतं आणि अंगभर पोचवतं. पोटातल्या जिवाणूंनी नायट्रेटचं नायट्राइट केलं की ते रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं रूप बदलतं. बदललेल्या हिमोग्लोबिनला मेथेमोग्लोबिन म्हणतात. ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, तरी अंगाला हवा पुरत नाही.

मोठ्यांच्या पोटात आंबटपणा जास्त, तिथे हे जिवाणू फारसे टिकत नाहीत. शिवाय बिघडलेलं हिमोग्लोबिन पुन्हा दुरुस्त करणारं एन्झाइम मोठ्यांत भरपूर असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात दोन्ही कमी. वजनाच्या मानानं बाळ पाणीही जास्त पितं. त्यातच हगवण लागली तर धोका आणखी वाढतो.

जगाला हे कळलं ते १९४५ मध्ये. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरांनी शेतावरच्या विहिरीचं पाणी दुधात घालून पाजलेल्या बाळांची हकीगत छापली. बाळं निळी पडत, दवाखान्यात आणली की सुधारत, घरी नेली की पुन्हा निळी पडत. फरक एवढाच होता की घरी विहिरीचं पाणी होतं.

मी स्वतः असं बाळ पाहिलेलं नाही, आणि आमच्या गावात ते कधी दिसू नये यासाठी धडपडते आहे.

खुणा लक्षात ठेवा. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन दिसत नाही. ओठ, जीभ, हिरड्या आणि नखं उजेडात नेऊन पाहा, राखाडी-निळसर दिसतील. बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही, धापा टाकतं. रक्त काढलं तर ते चॉकलेटसारखं तपकिरी दिसतं. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र ८५ च्या आसपास अडकून राहतं आणि ऑक्सिजन लावूनही आकडा फारसा हलत नाही. असं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, "बाळाला विहिरीच्या पाण्यातलं वरचं दूध देत होतो." निळं बाळ पाहून आधी हृदयाचा किंवा न्यूमोनियाचा विचार होणं साहजिक आहे. तुमच्या एका वाक्यानं वेळ वाचतो. यावर मिथिलिन ब्लू नावाचं औषध शिरेतून देतात. ते दवाखान्यातच, डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

"मी हे पानी पेतो, मंग माह्या दुधातून पोराले जाईन का?"

नाही. आईनं जास्त नायट्रेटचं पाणी प्यायलं तरी तिच्या दुधात ते फारसं उतरत नाही. अंगावरचं दूध हेच बाळाचं सर्वांत मोठं संरक्षण आहे. पहिले सहा महिने फक्त तेच. वरून पाणी नाही, घुटी नाही, मध नाही.

आमच्याकडे चैत्र-वैशाखात "पोट्ट्याचा घसा सुकते" म्हणून चमचा-चमचा पाणी पाजतात. ४५ डिग्रीच्या उन्हात आजीचा जीव कासावीस होणं मी समजू शकते. पण त्या उन्हातसुद्धा बाळाला लागणारं पाणी आईच्या दुधात असतं. पाणी आईला पाजा, तांब्या भरून पाजा.

आईला दूधच येत नसेल, ती आजारी असेल किंवा या जगात नसेल, तर वरचं दूध द्यावं लागतं. तेव्हा ते कालवायचं पाणी ४५ च्या आतलं आहे याची खात्री करूनच वापरायचं. आमच्या गावात शाळेजवळच्या हापशीचं पाणी किटमध्ये अगदी फिकट गुलाबी येतं, आणि प्रयोगशाळेनंही ते योग्य ठरवलं. लहान बाळ असलेल्या घरांसाठी तिथून वेगळी कळशी भरून न्यायची, असं आम्ही पाचजणींनी ठरवून दिलं आहे. कळशीला लाल दोरा बांधलेला असतो, म्हणजे घरात कुणी चुकून दुसऱ्या पाण्यात मिसळत नाही.

मोठ्या माणसांना काही होत नाही का?

लगेच दिसेल असं सहसा काही होत नाही. दीर्घकाळाबद्दल तीन गोष्टी सांगता येतात.

पहिली थायरॉइडची. नायट्रेट थायरॉइड ग्रंथीत आयोडीन शिरायला अडथळा करतं. आयोडीनयुक्त मीठ रोज वापरा, आणि ते उघड्या डब्यात ठेवू नका.

दुसरी कॅन्सरची. पोटात नायट्राइट आणि प्रथिनांतून येणारे काही घटक एकत्र येऊन नायट्रोसो नावाची संयुगं बनतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१० मध्ये, अशी संयुगं बनण्याजोगी स्थिती असताना पोटात गेलेलं नायट्रेट "बहुधा कॅन्सरकारक" या गटात ठेवलं. डेन्मार्कमधल्या एका फार मोठ्या अभ्यासात, जो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका आणि पाण्यातलं नायट्रेट यांचा संबंध मर्यादेच्या आतल्या आकड्यांवरही दिसला. संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे, हे लक्षात घेऊनही मला तो गंभीर वाटतो. मात्र कॅन्सरची भीती वाटून कुणी पाण्याबद्दल विचारत असेल आणि गालात खर्रा असेल, तर दादा, आधी तो खर्रा थुंका. तंबाखूतून थेट नायट्रोसो संयुगंच पोटात जातात, आणि त्याबद्दल कुठलीच शंका उरलेली नाही.

तिसरी गर्भवतींची. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, कमी नायट्रेटचंच पाणी वापरावं. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या मुली इतक्या आहेत की आहे ते हिमोग्लोबिन बिघडू देणं परवडणारं नाही.

मग पालक, मुळा, बीट खायचं की नाही? त्यातही नायट्रेट असतं म्हणतात.

खायचं. पालेभाज्यांत नायट्रेट खरंच भरपूर असतं, पण त्यांच्यासोबत क जीवनसत्त्व येतं आणि ते नायट्रोसो संयुगं बनू देत नाही. फक्त सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला भाजीचं पाणी पाजू नका, आणि शिजवलेली पालेभाजी बाहेर तासन्‌तास ठेवून लहान मुलांना भरवू नका.

शेगावकडे लोकांचे केस गळले ते याच्यामुळेच ना?

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळून टक्कल पडलं. आधी संशय पाण्यावर गेला, आणि तिथल्या पाण्यात नायट्रेट व क्षार जास्त निघाले हेही खरं. पण नायट्रेटनं केस गळतात असं वैद्यकात कुठे नाही. पुढे रुग्णांच्या तपासण्यांतून सेलेनियम या वेगळ्याच घटकाकडे बोट गेलं. म्हणून केस शाबूत आहेत तर पाणी चांगलं, असाही अर्थ कुणी लावू नये.

जनावरांचं काय?

गाय-म्हैस बाळापेक्षा जास्त नायट्रेट सोसते. संकट येतं ते चारा आणि पाणी दोन्हीकडून एकदम आल्यावर. पावसानं ताण दिला की जवारी वाढत नाही, पण मुळं नायट्रेट ओढत राहतात. ते धांड्याच्या (ताटाच्या) खालच्या भागात साठतं. नंतर एक पाऊस पडतो, रान हिरवं दिसतं आणि उपाशी जनावर त्यावर तुटून पडतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट झपाट्यानं होतं. श्वास जोरात चालतो, तोल जातो, डोळ्यांच्या पापण्या आतून तपकिरी दिसतात. डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलवा.

कोवळ्या जवारीत आणखी एक विष असतं, सायनाइडचं. चारा वाळवला की ते बरंच कमी होतं. नायट्रेट वाळवून कमी होत नाही. मूरघास केला, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून मुरवला, तर कमी होतं. हा फरक माहीत नसल्यामुळे "वाळलेला कडबा दिला, तरी बाधला कसा" असं लोक विचारतात.

आता युरियाबद्दल. ही विषबाधा वेगळी आहे, अमोनियाची आहे, पण घरात जास्त हीच घडते. गेल्याच्या गेल्या साली माझ्या जावेकडे पऱ्हाटीवर फवारायला टोपल्यात युरिया कालवून ठेवला होता. पंप आणायला माणूस आत गेला तेवढ्यात कालवड सुटली आणि अर्धं टोपलं पिऊन गेली. अर्ध्या तासात तिच्या मागच्या पायांना कंप सुटला, ती दात खाऊ लागली, तोंडाला फेस आला, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. जाऊ तिच्या मानेला धरून बसली होती. डॉक्टर दुसऱ्या गावाहून निघाले होते, ते पोचायच्या आत ती गेली. त्यांनी नंतर सांगितलं की अशा वेळी भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात, त्यानं पोटातला अमोनिया बनणं मंदावतं. तेव्हापासून आम्ही युरिया कालवतो तो फक्त झाकणाच्या ड्रममध्ये, आणि रिकामी गोणी कोठ्यात ठेवत नाही. मिठासारखी चव लागते म्हणून जनावरं ती चाटतात.

जमीन, नाले, तलाव यांच्यावर काय परिणाम होतो?

नायट्रेट शेतातून वाहून नाल्यात आणि नाल्यातून तलावात जातं. तिथे स्फुरदही असलं की शेवाळ आणि जलकुंभी फोफावते. शेवाळ मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. पहाटे मासे तोंड वर काढून पृष्ठभागावर तडफडताना दिसतात ते त्यामुळे.

मातीत शिल्लक राहिलेल्या नायट्रोजनचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. पाऊस लहरी झाला म्हणून आपण रडतो, त्यात या गोणीचाही थोडा वाटा आहे.

पिकाचंही नुकसान आहे. जास्त युरियाची पऱ्हाटी काळीभोर आणि लुसलुशीत होते, आणि मावा-तुडतुडा तिच्यावरच आधी बसतो. मग फवारणी वाढते. गावातली माणसं फवारून दवाखान्यात जातात तेव्हा त्याची सुरुवात कधी कधी या गोणीपासून झालेली असते.

आरओ बसवला तर?

आरओनं नायट्रेट बरंच निघतं, नीट चालणाऱ्या यंत्रात बहुतेक सगळं. पण मेम्ब्रेन, म्हणजे आतली गाळणारी पातळ चाळण, जुनी झाली की पाणी गोडच लागतं आणि नायट्रेट मात्र परत यायला लागतं. गावातल्या वॉटर एटीएमच्या पाण्याची चाचणी वर्षातून दोनदा तरी मागा. वीस लिटरच्या कॅनवर आकडा लिहिलेला नसतो; विकणाऱ्याला विचारायचा आपला हक्क आहे. आणि यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी, ज्यात सगळं नायट्रेट एकवटलेलं असतं, ते विहिरीजवळ सोडू नका.

खोल बोअर मारली तर चांगलं पाणी लागेल?

लागेलही, नाहीही. वरचं खराब पाणी केसिंगच्या बाजूनं खाली झिरपलं तर खोल बोअरही बिघडते, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडे खोल पाण्यात फ्लोराइड निघतं. धरणावरच्या नळयोजनेच्या पाण्यात नायट्रेट सहसा कमी असतं. ती योजना गावात असेल तर बाळासाठी तेच पाणी धरा, टीसीएलचा वास आला तरी.

आमच्या ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड आहे. मग कशाला घाबरायचं?

लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं ते स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएलचा वापर पाहून. साथीचा धोका किती, हे त्यातून कळतं, आणि त्यासाठी ते उपयोगाचं आहे. नायट्रेटचा आकडा त्या कार्डात नसतो.

आमच्या गावात मी रासायनिक तपासणीचा अहवाल मागितला तेव्हा पाच महिने फेऱ्या मारल्या. शेवटी जो कागद हातात आला तो जंतूंचा होता. त्यावर 'पिण्यास योग्य' असा शिक्का. तोच शिक्का दाखवून मला सांगण्यात आलं की बाई, तुम्ही उगाच गावात भीती पसरवता. मी ती नळी घेऊन ग्रामसभेत गेले आणि सगळ्यांसमोर पाणी गुलाबी करून दाखवलं. दुसरा नमुना त्याच आठवड्यात गेला. तुम्हीही दोन वेगळे कागद मागा. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा आणि रासायनिक एकदा व्हायला हवी, असा जल जीवन मिशनचाच नियम आहे.

युरिया बंदच करायचा का?

मी तसं सांगणार नाही. आमच्याही शेतात पडतो. पण कसा पडतो, ते बदललं आहे. एकदम दोन गोण्या फेकण्याऐवजी पिकाला लागेल तसा दोन-तीन हप्त्यांत, मोठा पाऊस येणार असेल तर त्याच्या आधी नाही, आणि फेकून न देता झाडाशेजारी मातीत दाबून. सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून नायट्रोजन मिळवतं. पाणी साचून पिवळं पडलेल्या सोयाबीनला युरिया देणं म्हणजे पैसे नालीत सोडणं. तिथे चर काढून पाणी बाहेर काढायला हवं. धुऱ्यावर (बांधावर) गिरिपुष्प हे हिरवळीच्या खताचं झाड लावलं आहे, त्याचा पाला सरीत जातो.

गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, इतर खतं त्याच्या कितीतरी पट महाग. हातात पैसा नसलेला माणूस स्वस्त तेच जास्त टाकणार. शेतकऱ्याला दोष देताना हे विसरू नये.

विहीर पुन्हा चांगली होते का?

होते, पण सावकाश. आम्ही आडाजवळचा उकिरडा उचलून गावाबाहेर नेला, खाली फरशी घालून वर पाल्याचं छप्पर केलं. कोठ्याच्या नालीला सिमेंट केलं आणि गोमूत्र ड्रममध्ये धरायला लागलो. घराच्या छपराचं स्वच्छ पाणी वेगळ्या शोषखड्ड्यातून आडाकडे वळवलं. अंगणाचं किंवा कोठ्याचं नाही. दोन पावसाळे झाले. रंग राणीवरून गुलाबीवर आला आहे, अजून ४५ च्या आत नाही. मातीत वर्षानुवर्षं मुरलेलं आहे, ते वर्षानुवर्षंच निघणार.

नमुना कसा घ्यायचा?

किटची चाचणी अंदाज देते, खरा आकडा प्रयोगशाळा देते. एक लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या, औषधाची किंवा फवारणीची कधीच नाही. त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घ्या. हापशी असेल तर आधी पाच मिनिटं चालवा. विहीर असेल तर बादली मधोमध सोडा, काठावरचं पाणी घेऊ नका. बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी पोचती करा. उन्हात राहिलं की आकडा बदलतो. चिठ्ठीवर गाव, विहिरीची खूण, तारीख, वेळ लिहा, आणि "रासायनिक तपासणी, नायट्रेटसह" हे शब्द लिहायला विसरू नका. एक नमुना मे महिन्यात आणि एक पोळ्यानंतर असे दोन पाठवा. पहिल्या पावसानंतर खाली काय उतरलं, ते दुसऱ्यातच दिसतं.